भिंतीपलीकडची मंडळी

नानाचं खरं नाव निराळं होतं, पण ते पासपोर्टापुरतं. लहानपणी कोणी खेळायला हाक मारली की तो आधी हातपाय धुवायचा, भांग पाडायचा, जावं की न जावं याचा विचार करायचा आणि मग बाहेर पडायचा. तोवर खेळ आटोपून पोरं घरी गेलेली असायची. "हा जन्मालाच नाना म्हणून आलाय," असं एकदा आत्या म्हणाली आणि ते नाव त्याला जे चिकटलं ते चिकटलंच. आईवडील लवकर गेलेले; त्याला लहानाचा मोठा केला तो या आत्यानेच. ती बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत नोकरीला होती. लग्न केलं नाही. "दिवसभर लोकांना उत्तरं देऊन आल्यावर घरी आणखी एकाला कोण देणार?" हे तिचं त्यावरचं ठरलेलं उत्तर.

नाना परदेशात गेला तो चष्म्याच्या काचा घासण्याच्या कामावर. काम त्याच्या हातात मुरलेलं होतं, पगार बरा होता, पण तिथे दिवसभर मशीनची घरघर. सगळ्यांच्या कानांवर जाडजूड झाकणं. जेवणाच्या सुट्टीत ती काढली तरी माणसं सवयीने खुणेनेच बोलायची. घर म्हणजे एक खोली, तिला लागून ओटा, आणि पलंगाच्या उशाशी एक पातळ भिंत. भिंतीपलीकडे एक नर्स राहायची.

आल्या-आल्या एकदा ती लिफ्टमध्ये भेटली होती. "शनिवारी आमच्याकडे मित्रमंडळी जमतात, तुम्हीही या की," असं म्हणाली होती. नाना हसून "हो" म्हणाला आणि वाट बघत बसला. कारण आपल्याकडे कसं असतं, पहिलं 'या' रीतीचं, दुसरं 'या' अंदाज घ्यायचं, आणि तिसऱ्या 'या'ला माणूस चप्पल शोधतो. नर्सचं दुसरं 'या' काही आलं नाही. नाना गेला नाही. मग इतके दिवस लोटले की आता जाणं म्हणजे शिळ्या आमंत्रणाला ऊन करण्यासारखं झालं.

पण शनिवार काही थांबले नाहीत. संध्याकाळ झाली की पलीकडे बेल वाजायची, बूट उतरायचे, खुर्च्या सरकायच्या, आणि मग गप्पांना असा ऊत यायचा की नानाच्या ओट्यावरचे चमचेसुद्धा किणकिणायचे. पलंगावर पडून तो ऐकायचा. हळूहळू त्याला आवाज ओळखू यायला लागले. एकजण हसायचा ते जुनी स्कूटर चालू करताना होतं तसं, दोन-तीन किका फुकट जायच्या आणि मग एकदम इंजिन धरायचं. त्याचं नाव नानाने 'स्कूटर' ठेवलं. दुसरा कशावरही वाद घालायचा, अगदी पाऊस पडतोय की नुसता शिंतडतोय यावरही, तो 'वकील'. आणि एक बाई निघताना दर वेळी किल्ली शोधायची, ती 'किल्लीबाई'.

दर रविवारी आत्याचा फोन. "काल काय केलंस रे?"

"काही नाही. झोपलो."

असं दोन-चार रविवार झालं. मग एकदा या उत्तरानंतर फोनवर नुसता आवंढा गिळल्याचा आवाज आला. तो आवंढा नानाला आठवडाभर पुरला. पुढच्या रविवारी तिने विचारलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "मित्र जमले होते गं. दोन घटका मजा आली."

जमले तर होतेच. भिंत तेवढी मध्ये होती.

आत्याने त्या दिवशी इतक्या उत्साहाने विचारपूस केली की विचारू नका. मग काय, गाडी घाटाला लागली. स्कूटर काय म्हणाला, वकिलाने कशावरून डोकं खाल्लं, किल्लीबाईची किल्ली कुठे सापडली, नर्सचे पाय उभं राहून राहून कसे सुजतात... नाना सांगायचा ते सगळं अक्षरशः खरं असायचं. खोटं एकच होतं: त्यात तो स्वतः होता.

आणि मग आत्या निवृत्त झाली आणि तिकीट काढून आली.

विमानतळावर तिने आधी त्याला कुरवाळलं आणि लगेच म्हणाली, "मंडळींना कधी बोलावतोयस? सगळ्यांसाठी आणलंय मी." घरी येऊन तिने बॅग उघडली. स्कूटरला मफलर, कारण त्याचा घसा बसला होता असं नानानेच कधी तरी सांगितलेलं. वकिलाला खडीसाखर, बोलून बोलून तोंड कोरडं पडत असेल म्हणून. नर्सच्या पायांना चोळायला तेल. आणि किल्लीबाईसाठी स्वतः विणलेला लाल दोऱ्यांचा गोफ, किल्ली गळ्यात अडकवायला. नाना त्या वस्तूंकडे बघत राहिला.

"आत्या, वकील गावाला गेलाय."

"बरं. मग बाकीचे?"

"स्कूटरला ताप आहे. नर्सची रात्रपाळी."

"आणि किल्लीबाईची किल्ली अजून सापडली नाही वाटतं?" आत्या म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. नानाला वाटलं, सुटलो.

सुटतो कसला! शनिवार उजाडायचा राहतो होय? संध्याकाळी आत्या पलंगावर बसून शेंगा सोलत होती. पलीकडे बेल वाजली, बूट उतरले, खुर्च्या सरकल्या. नानाने घाईघाईने नळ सोडला, भांडी आपटली, स्वतः कधी गात नाही तो गुणगुणायला लागला. पण भिंतीला कोण थोपवणार? एक कीक. दुसरी कीक. आणि इंजिनाने धरलं.

आत्याचा हात शेंगेवरच थांबला. तिने भिंतीकडे पाहिलं. मग नानाकडे पाहिलं. नानाने नळ बंद केला आणि खाली मान घालून उभा राहिला. तेहतीस वर्षांचा घोडा, पण गृहपाठ न केलेल्या पोरासारखा.

आत्याने हात झटकले, शाल घेतली, आणलेल्या वस्तू पिशवीत भरल्या.

"चल."

"कुठे?"

"पार्टीला."

"आत्या, आपल्याला बोलावलेलं नाही."

"मग विचारू. उभा जन्म खिडकीत गेला माझा. जो विचारतो तो घरी पोचतो. न विचारणारे स्टँडवर झोपतात."

दार नर्सनेच उघडलं. नानाला बघून तिचा चेहरा उतरला. "आवाज फार होतोय का? माफ करा हं, आम्ही कमी करतो," असं ती भराभर म्हणाली, आणि आत वळून सगळ्यांना श्शू केलं. तेव्हा नानाला कळलं, की इतके दिवस ही माणसं त्यालाच घाबरून होती. न बोलणारा, लिफ्टमध्ये भिंतीकडे बघणारा शेजारी. एक ना एक दिवस तक्रार घेऊन येणारच.

आत्याला तिथली भाषा ओ की ठो येत नव्हती. तिने नर्सचा हात हातात घेतला, खाली पायांकडे पाहिलं आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "अगं, सूज आहेच की अजून!" आणि सरळ आत.

आत जेमतेम पाचजण उभे राहतील एवढी जागा. आत्याने एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. खिसे चाचपणाऱ्या बाईच्या गळ्यात गोफ घातला. हात वर करून काहीतरी पटवून देणाऱ्या जाड्या माणसाच्या तळहातावर खडीसाखरेची पुडी ठेवली. तिसऱ्याला मफलर देण्याआधी मात्र ती थांबली. नानाला म्हणाली, "याला जरा हसवून दाखव, खात्री करू दे." हसवायची गरज पडली नाही. खडीसाखरेची पुडी हुंगणाऱ्या जाड्याचं तोंड बघून पहिली कीक बसलीच.

सगळे एकदम बोलायला लागले. हे काय आहे, ही कोण, आमच्यासाठी का, हिला कसं कळलं की माझी किल्ली हरवते? स्कूटर मफलर गुंडाळून नानापुढे उभा राहिला. "या आजींना माझ्या घशाबद्दल कोणी सांगितलं?"

"काय म्हणतोय तो?" आत्याने विचारलं.

"छान आहे म्हणतोय."

"नाना, एवढं लांबलचक बोलला आणि तू तीन शब्दांत उरकलंस? मी खिडकीत असं केलं असतं तर लोक भलत्याच गावाला उतरले असते. त्याचं मला नीट सांग आणि माझं त्याला नीट सांग. माझं असं आहे, की दर रविवारी माझा भाचा मला तुमच्याबद्दल सांगायचा. आता हे सांग."

नानाच्या कपाळावर घाम फुटला. एका वाक्यात सुटका करून घेता आली असती. 'आत्याला तुम्हाला भेटून आनंद झाला,' एवढं म्हटलं की झालं. ना आत्याला कळलं असतं, ना त्यांना. पण आत्या त्याच्याकडे बघत होती. रागाने बघितलं असतं तर त्याने खोटंही रेटलं असतं. ती नुसती वाट बघत होती, खिडकीपलीकडच्या गोंधळलेल्या प्रवाशाची बघावी तशी.

आणि नानाने सांगून टाकलं. भिंत पातळ आहे. तुम्ही बोलता ते ऐकू येतं. मी आत्याला सांगायचो की हे माझे मित्र, हे माझ्याकडे जमतात. तुम्हाला नावंही मीच ठेवली आहेत.

मग जाड्याने खडीसाखर या गालातून त्या गालात नेली आणि म्हणाला, "म्हणजे प्रत्येक पार्टीला हा हजर होता. फक्त भिंतीच्या चुकीच्या बाजूला." त्यावर स्कूटर सुरू झाली ती थांबेचना. वकील हा वकील नव्हताच म्हणे, शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता, आणि आपल्याला वकील म्हटलं याचा त्याला इतका आनंद झाला की त्याने नानाच्या पाठीत एक जोरदार थाप घातली. किल्लीबाईने पुढे वाकून हळूच विचारलं, "मागच्या खेपेला किल्ली कुठे सापडली होती, आठवतं?"

"फ्रीजवर," नाना म्हणाला. "तुम्ही फ्रीजला शिव्या दिल्यात."

हसली नाही ती फक्त नर्स. ती नानाला ओट्यापाशी घेऊन गेली. "सगळं ऐकू येतं?"

"हो."

"मंडळी गेल्यावरचंसुद्धा?"

नानाला कळलं ती कशाबद्दल विचारतेय. एकदा सगळे गेल्यावर ती खूप वेळ रडत होती. हे त्याने आत्याला कधीच सांगितलं नव्हतं. "तेही ऐकलं," तो म्हणाला. "तुमच्या दारापर्यंत आलो होतो. बेल वाजवायचं धाडस झालं नाही. परत गेलो."

नर्सने एक कप विसळायला घेतला. "माझी आई गेली त्या आठवड्यात," ती म्हणाली. "पुढच्या वेळी वाजवा."

"काय रे म्हणते ती?" आत्याने लांबूनच विचारलं.

"हे नाही सांगत, आत्या. हे तिचं आहे."

आत्याने मान डोलावली आणि तेलाची बाटली उघडली.

पुढच्या रविवारी दुपारी नानाने सगळ्यांना आपल्याकडे बोलावलं. आत्या म्हणाली, मी पाहुणी आहे, मी काही हलणार नाही. आणि खरोखरच पाय वर घेऊन पलंगावर बसली. नानाने भात केला तो खालून करपला आणि वरून कच्चा राहिला. भाजीत मीठ दोनदा पडलं. खुर्च्या कमी म्हणून नर्सच्या आणल्या, ताटं कमी म्हणून तिचीच आणली. शेवटी अर्धं घर तिचं इकडे आल्यावर वकील म्हणाला, ही पार्टी नेमकी कोणाकडे आहे हे आधी ठरवू, आणि त्यावर तासभर वाद झाला. करपलेल्या भातावर सगळ्यांनी ताव मारला. भुकेपुढे चव काय करणार! नाना एकदाही खाली बसला नाही. पाणी दे, चमचा दे, किल्ली शोधताना किल्लीबाईने खाली ओढलेली चादर उचल. त्याचे पाय दुखून आले आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

सगळे गेल्यावर तो भांड्यांच्या डोंगरापुढे उभा राहिला. आत्या फडकं घेऊन शेजारी आली.

"आत्या, एक विचारू? भिंतीतून हसणं ऐकलंस तेव्हाच तुला कळलं ना?"

"छे. मला पहिल्यापासूनच माहीत होतं."

त्याच्या हातून वाटी निसटली.

"अरे, इतक्या पार्ट्या सांगितल्यास मला. कोण काय बोललं, कोण कसं हसलं, सगळं. पण भांडी किती पडली, हे एकदाही बोलला नाहीस. ज्याच्या घरी चारजण जेवून जातात तो आधी खरकट्याबद्दल कुरकुरतो, मग बाकीचं सांगतो."

"मग मला तेव्हाच बोलली का नाहीस?"

"कशाला बोलू? तू त्यांच्याबद्दल इतक्या मायेने सांगायचास. म्हटलं, माणसं तर चांगलीच असणार. एकदा जाऊन बघू." तिने ताट पुसून बाजूला ठेवलं. "आणि मफलर विणायला घेतला."

नानाने साबण जरा जास्तच घातला आणि जोरजोरात पातेलं घासायला लागला. तळाचा करपलेला भात सुटता सुटेना. आत्या म्हणाली, "पाणी घालून ठेव, उद्या निघेल." तेवढ्यात बेल वाजली. नर्स होती. खुर्च्या न्यायला आली होती म्हणे. पण आत येऊन तिने त्यांतलीच एक ओढली, तिच्यावर बसली आणि सुजरे पाय दुसरीवर ठेवले.

"चहा टाक रे तिघांना," आत्या म्हणाली. नानाने नुकतंच धुतलेलं चहाचं भांडं पुन्हा गॅसवर चढवलं.