सोनाबाईंचा दात

माझ्या सासूबाई, सोनाबाई, चोरून तिखट खातात, असं मी ठरवूनच टाकलं होतं. चार महिने गोळ्या घेऊनही त्यांच्या जठरातला अल्सर भरत नव्हता, आणि त्या बऱ्या झाल्याशिवाय मला मुरुड सोडता येत नव्हतं. न्हावा शेव्याला एका गोदामात माझी नोकरी ठरली होती. "आई बरी झाली की जा," माझा नवरा रतन दर आठवड्याला सांगे. जशी काही मीच त्यांच्या पोटात बसले होते!

शेवटी डॉक्टरांसमोर बोललेच. "ह्या पथ्य पाळत नाहीत."

"पेजेबिगर काय पोटात गेलं आसंल तर जीभ झडो माझी!" सोनाबाई उसळल्या.

"दिवसभर करता काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

करणार काय? आम्ही सोडे सुकवतो. सोललेली कोळंबी उन्हात बाहेरून कडक होते. आतून वाळली की नाही, ते सासूबाई चावून सांगतात. चावायचं, थुंकायचं. दिवसाला शे-दीडशे. ओल राहिली तर अख्खं पोतं कुजतं, म्हणून साऱ्या कोळीवाड्याचा माल त्यांच्या दाताखालून जातो.

हे ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "तोंडाला चव लागली की मेंदू नसेतून जठराला निरोप धाडतो. नसेच्या टोकाला न्यूरोपेप्टाइड सुटतं. त्यानं जठरातल्या पेशी गॅस्ट्रिन नावाचं हार्मोन रक्तात सोडतात, आणि आम्ल पाझरतं. घास गिळला की थुंकला, त्या पेशींना काय कळतं? आता चावणं बंद. रक्त वाहू लागलं तर जिवावर बेतेल."

म्हणजे सासूबाई खरं बोलत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आलो तर वाळवणाशी बायका खोळंबलेल्या. सोनाबाईंनी सवयीनं सोडा उचलला, तोंडाशी नेला, थांबल्या आणि माझ्या हातावर ठेवला.

"तू सांग गो, किशोरी."

मी चावला. बाहेर कडक, मधोमध किंचित ओल. "वाळला" एवढं म्हटलं असतं की झालं. माल कुजला असता, पुन्हा कुणी मला विचारलं नसतं, मी सुटले असते. पण समोर त्या बायका बसल्या होत्या, महिनाभराचे कष्ट मांडून.

"अजून एक ऊन पायजे," मी म्हणाले.

सोनाबाई हसल्या, चार महिन्यांत पहिल्यांदाच. "मला ठावं व्हतं," म्हणाल्या, आणि पुढची टोपली माझ्यापुढे सरकवली.

मी सोडा थुंकून टाकला. पोटात मात्र आम्ल पाझरायला लागलं होतं.