पायांची परात

मी एक जुनी पितळी परात आहे. कारागिराने मला ठोकून घडवलं ते पीठ मळण्यासाठी, आणि आज तुम्हाला मी दिसते आहे ती प्रार्थनागृहाच्या कोपऱ्यात, पाय धुण्याच्या कामावर. नाक मुरडू नका, मित्रांनो. सुरुवातीला मीही मुरडलं होतं.

तुम्ही मागच्या बाकावरचे नवे लोक. या मंडळीत यावं की नाही, हे तुमचं अजून ठरत नाहीये. पाळकबाई तुम्हाला सगळं समजावून सांगतीलच. इथे तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. मोठं झाल्यावर ज्याचा त्याने आपल्या तोंडाने मागायचा. पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, वरून नेमून येत नाही. सगळ्यांनी हात वर करून निवडायचा. इथपर्यंत तुम्ही माना डोलवाल. मग गोष्ट माझ्यावर येईल, येशूने शिष्यांचे पाय धुतले तसे आपण एकमेकांचे धुवायचे, आणि तुम्ही आपापल्या चपलांकडे बघायला लागाल. दरवेळी असंच होतं.

मी मूळची एका बेकरीवालीची. मंडळी नवी होती, तेव्हा पाय धुवायला धड भांडंही नव्हतं. ती मला काखोटीला मारून घेऊन आली, आणि त्या संध्याकाळनंतर तिने माझ्यात पुन्हा पीठ मळलं नाही. मला फार लागलं ते. पाय धुऊन झाल्यावर सगळे मिळून खातात तो प्रभुभोजनाचा पाव मात्र अजून तिच्याच घरून येतो. आता तिची सून भाजते.

पाय धुण्याच्या संध्याकाळी बायका आतल्या खोलीत गोल बसतात, पुरुष बाहेर. जिचे पाय धुऊन झाले, तिने शेजारणीचे धुवायचे, आणि मी पुढे सरकायचं. नियम दोनच. जागा धरायची नाही, मिळेल त्या खुर्चीवर बसायचं. आणि शेजारणीबद्दल मनात अढी असेल, तर पाण्याला हात लावण्याआधी तिच्यापाशी बोलायची. बोलवत नसेल तर उठून जायचं. त्या दिवशी पाव घ्यायचा नाही.

मध्यंतरी नव्या लोकांना हे नको वाटतं म्हणून मला छपराच्या गळतीखाली ठेवून दिलं होतं. थेंब झेलत पडून राहिले. तिथून मला उचललं ते हेडबाईंनी. त्या इथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. "नियम पाळायचा नसेल, तर दारावरची पाटी काढा," असं त्यांनी भर सभेत सुनावलं होतं. मग काय, पाटी राहिली आणि मीही.

आणि त्याच हेडबाई एका संध्याकाळी माझ्यासमोर अडकल्या.

त्या दिवशी त्यांना शाळेतून यायला उशीर झाला. एकच खुर्ची रिकामी होती, आणि तिच्या शेजारी तुमच्यासारखीच एक नवी बाई बसली होती. पेशाने नर्स. पाहुणीचे पाय आम्ही धुतो, तिला कुणाचे धुवायला लावत नाही, म्हणून ती निर्धास्त होती. हेडबाईंना दारात पाहताच तिचा चेहरा उतरला. हेडबाई क्षणभर उंबऱ्यावरच थांबल्या. मग येऊन बसल्या.

बेकरीवालीच्या सुनेने त्यांचे पाय धुतले. आता पाळी त्यांची. त्या नर्सपुढे गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी माझा काठ घट्ट धरला. पाण्याला हात लावेनात.

"सिस्टर, ओळखलंत मला?"

"ओळखलं, बाई. तुमच्या आईंच्या शेवटच्या वेळी ड्यूटी माझीच होती."

"आई पाणी मागत होती. तुम्ही दिलं नाहीत. मी तुमची तक्रार केली."

"हो. घरी बसवलं होतं मला. चौकशी झाली, मग परत घेतलं."

"चौकशीने माझं मन नाही निवळलं."

नर्सने पाय मागे ओढले. "घोटभर पाणी छातीत गेलं असतं, तर जीव गुदमरला असता त्यांचा. म्हणून कापसाने नुसते ओठ ओले करत बसले. चूक नव्हती माझी. तरी अजून वाटतं, बाई, शेवटचंच मागणं होतं, द्यायला हवं होतं का?" तिने चपला हातात घेतल्या. "मी जाते. हे तुमचं घर आहे. मी बघेन दुसरीकडे."

पाळकबाई अर्धवट उठल्या आणि पुन्हा बसल्या. यात त्यांनाही मध्ये पडता येत नाही. दोघींपैकी एक आता जाणार, आणि गेलेली काही परत येणार नाही, हे मला दिसत होतं.

"ओठ ओले करत होतात, हे मला का नाही सांगितलंत?" हेडबाईंनी विचारलं.

"सांगायला आले होते घरी. तुम्ही दार लावून घेतलंत."

हेडबाईंनी माझा काठ सोडला. मग म्हणाल्या, "हो. लावलं मी दार." आणि थोड्या वेळाने, "राग अजून आहे माझ्या मनात. खोटं कशाला बोलू? पण तुम्ही जावं, असंही वाटत नाही. बसा, सिस्टर. पाय ठेवा. पाणी गार होतंय."

नर्सने पाय ठेवले. दिवसभर उभं राहून सुजलेले, टाचांना भेगा पडलेले. आयुष्यभर दुसऱ्यांचे पाय पुसणाऱ्या त्या बाईला आपले पाय कुणी धुतल्याचं आठवत नसावं. ती रडायला लागली. हेडबाईंनी मान वर केली नाही. भेगांवरून हळू हात फिरवत राहिल्या. मित्रांनो, पीठ मळायला मिळालं नाही याचं दुःख मी त्या दिवशी सोडून दिलं.

तेव्हा माझी एवढीच विनवणी आहे. मला घासून लख्ख करा, पण शोभेसाठी भिंतीवर टांगू नका. डाग पडले तर पडू द्या, पण मला कोरडी ठेवू नका.

ती नर्स पुन्हा आली का, हे तुम्हाला विचारायचं असेल. पुढच्या वेळी हेडबाई सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या, आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांनी आपली पर्स ठेवली. जागा धरायची नाही, हा आमचा नियम. एकीने ती खुर्ची घ्यायला हात पुढे केला, तर नियमांच्या त्या पक्क्या बाई म्हणाल्या, "तिथे नको. सिस्टर येतायत."