खवल्याची कड

"अहो, भिजताय काय, आत या आधी!" आसावरी हेच इंग्रजीत म्हणाली, त्यातलं 'अहो' तेवढं मनातच राहिलं.

ऑफिसच्या दारात विल्फ उभा होता. वय एकोणऐंशी, पायात रबरी बूट, बगलेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा. पावसाची त्याला कसली तमा! सगळा जन्म खाडीच्या पाण्यात काढलेला. लाकडी चौकटीला लावलेलं जाळं धरून छातीभर पाण्यात उभं राहायचं, आणि समुद्रातून नदीकडे परतणारा सॅमन मासा त्यात शिरेपर्यंत जागचं हलायचं नाही, ही त्याची मासेमारी.

आसावरी रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकलेली. गेली वीस वर्षं इंग्लंडच्या या वायव्य किनाऱ्यावर, नदीतल्या माशांवर देखरेख ठेवणाऱ्या ऑफिसात ती सॅमनचे खवले वाचते. मायक्रोस्कोपखाली खवल्यावरची वलयं बघितली की माशाचं वय कळतं. विल्फ प्रत्येक माशाचे चार खवले तपकिरी पाकिटात घालायचा, वर तारीख, भरतीची वेळ, लांबी, वजन लिहायचा आणि दर सोमवारी आणून द्यायचा.

पाच वर्षांपूर्वी खवले यायचे थांबले. मासे भराभर कमी होत होते. मीटिंगमध्ये गळ टाकून हौसेने मासे धरणारे गळवाले म्हणाले, जाळी बंद करा. जाळीवाले म्हणाले, नदीवरचा बंधारा फोडा, पाण्यात सोडलेली घाण थांबवा, समुद्रातले सॅमन पाळायचे पिंजरे हटवा. खरं सगळ्यांचंच थोडं थोडं होतं. पण बंधारा फोडण्यापेक्षा जाळीवाल्या सात म्हाताऱ्यांना पाण्याबाहेर काढणं सोपं, झालं! गळवाल्यांना मासा पकडून सोडून द्यायची मुभा राहिली, जाळी मात्र बंद. आणि आधार कशाचा, तर आसावरीच्या रिपोर्टचा. रिपोर्ट चुकीचा नव्हता, हेच तिला जास्त छळायचं.

मीटिंगनंतर विल्फचा उतरलेला चेहरा बघून ती बोलून गेली होती, "पाचच वर्षं. मग जाळी परत पाण्यात." आजारी माणसाला आपण 'होईल हो सगळं नीट' म्हणतो ना, तसं. ठरावात होतं फक्त 'पाच वर्षांनी फेरविचार'.

नवऱ्याने, यतीनने, तेव्हाच डोक्याला हात लावला होता. "अगं, तू ऑफिसची माणूस! तो हे प्रॉमिस धरून बसेल. लोकांची समजूत काढायची खोड कधी जाणार तुझी?"

आणि विल्फ खरंच धरून बसला. मोसमातल्या दर सोमवारी पाकीट यायचंच. वर तारीख, भरतीची वेळ. आत काही नाही.  आसावरीला ते फेकवेना, म्हणून ती ते खवल्यांच्याच कपाटात ठेवायची. हल्ली तर रविवार संध्याकाळपासूनच तिला बाहेरच्या उघड्या जिन्यावर ते ओले बूट वाजल्याचा भास व्हायचा.

शुक्रवारी फेरविचार झाला होता. बंदी आणखी दहा वर्षं. विल्फच्या नावाचं पत्र तिने मुद्दाम अडवून ठेवलं होतं. आज दुपारी त्याच्या घरी जाऊन आपल्या तोंडाने सांगणार होती. तर हाच आला.

विल्फने डबा टेबलावर ठेवून उघडला. आत रबर बँड लावलेले पाकिटांचे गठ्ठे.

"एक जूनपासूनची," तो म्हणाला. "भरत्यांचं वेळापत्रक बघून सगळ्या मोसमाची लिहून ठेवलीत. हात थरथरतो गं पोरी, ऐन वेळी जमायचं नाही. लांबी आणि वजन तेवढं भरायचं, बस्स."



"विल्फ, बंदी उठत नाहीये. आणखी दहा वर्षं."

तो डब्याकडे बघत राहिला. "पण तू म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. तुमचं वाईट वाटलं म्हणून बोलून गेले. मला तो अधिकार नव्हता. चुकलं माझं."

"मासे वाढले नाहीत?"

"नाही. आणखी कमी झाले."

"म्हणजे आमच्यामुळे नव्हतं."

"फक्त तुमच्यामुळे नव्हतं."

तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो खुर्चीत बसला, बुटांचं पाणी फरशीवर गळत राहिलं.

"माझ्या माशांचं तू काय करतेस, ते कधी बघितलंच नाही मी," तो म्हणाला. "दाखव."

तिने कपाटातून एक जुनं पाकीट काढलं, ती इथे येण्याच्याही आधीचं. विल्फचं अक्षर तेव्हा ताठ होतं. खवला काचेवर ठेवून तिने मायक्रोस्कोप त्याच्याकडे सरकवला.

"मधली दाट वलयं दिसतात? ती नदीतली वर्षं, त्याचं लहानपण. जिथे विरळ होतात, तिथे तो समुद्रात गेला, पोटभर खायला मिळालं. परत दाट, तो हिवाळा. पुढे विरळ, तेव्हा घरी यायला निघाला."

"आणि ही कड? इथे सगळं संपतं ते?"

समजूत काढणारे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले होते. ते तिने गिळले.

"तिथे तुम्ही," ती म्हणाली.

विल्फने मायक्रोस्कोपवरून डोळा हलवला नाही. कितीतरी वेळ तो ती कड बघत होता.

"देखणा होता," तो म्हणाला आणि उठला. डब्याला झाकण लावलं, पण डबा उचलला नाही. "माझ्या घरात ओल फार आहे. तुझ्याकडेच राहू दे." त्याचे बूट जिन्यावरून सावकाश खाली गेले.

पुढच्या सोमवारी एक जून होता. आसावरीने सकाळपासून दार उघडं ठेवलं. जिन्यावर कोणी आलं नाही. साडेअकराला तिने डब्यातलं पहिलं पाकीट काढलं, वरची तारीख बघितली आणि ते तसंच रिकामं, कपाटातल्या बाकीच्यांच्या मागे लावून ठेवलं.