रंगाखालचं तेलाचं भोक

मित्रांनो, तुमचा चेंडू माझ्या पायाशी आलाय. घ्या तो, पण लगेच पळू नका. उदगीर स्टेशनाच्या मागं या भंगारात मी आडवा पडलोय आणि एक-दोन दिवसांत जालन्याच्या भट्टीकडे जाणारा ट्रक येणार आहे. त्याआधी माझं कुणीतरी ऐकावं, असं फार वाटतं.

मी एक जुना लोखंडी प्रेस आहे. प्रेस म्हटलं की तुम्हाला इस्त्री आठवेल, नाहीतर छापखाना. तसलं नाजूक काम माझ्या वाट्याला आलं नाही. मी पत्रा कापत होतो. अंगाला मोठं चाक, खाली पायडल. माणसानं पायडल दाबलं की माझा दट्ट्या धाडकन खाली यायचा आणि पत्र्यातून एक गोल, भोकाभोकांची चकती पडायची. ही चकती पेरणीयंत्रात बसवतात. तिच्या भोकांतून सोयाबीनचं बी एकेक करून मातीत पडतं. तुमच्या घरी शेत असेल तर त्यातल्या कितीतरी ओळी माझ्या जिवावर पेरल्या असतील, पण ते तुम्हाला सांगणार कोण?

राजकोटच्या एका ओतशाळेत मी घडलो. तिथून मला गुरुपादप्पांनी विकत आणलं. उदगीरच्या बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा छोटा कारखाना होता. मला ट्रकमधून उतरवताना अप्पा सारखे ओरडत होते, "हळू रे, हळू! लेकरू हाय ते." एवढ्या वजनाच्या लोखंडाला लेकरू म्हणणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मला चालवायला त्यांनी व्यंकटीला ठेवलं. तेव्हा त्याला नुकत्याच मिशा फुटल्या होत्या. आमची जोडी चांगली जमली. पायडलवर त्याचा पाय पडायच्या आधीच मला कळायचं, आता तो दाबणार.

अप्पांचा एक रिवाज होता. दर अमावास्येला कारखाना बंद. पण बंद म्हणजे झोपा काढायच्या नाहीत. त्या दिवशी माझे नट ढिले करायचे, झिजलेलं बदलायचं, तेल घालायचं. माझ्या खांद्यावर एक बारीक भोक आहे. त्यातलं तेल आत एका खिट्टीपर्यंत जातं. ती खिट्टीच माझा दट्ट्या वर अडवून धरते. पायडल सोडलं की दट्ट्या वरच थांबला पाहिजे, तो तिच्यामुळे थांबतो. अप्पा स्वतः कुप्पी घेऊन त्या भोकात तेल सोडायचे.

व्यंकटीनं एकदा विचारलं, "अप्पा, महिन्यातला एक दिवस असा घालवला तर परवडतं का?"

अप्पा हसले. व्यंकटीला ते लाडानं तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचे. "तम्मा, तू चकती कापतो तेव्हा पत्रा कापला जातो, हे तुला दिसतं. मशीन बी थोडी झिजते, ते दिसत न्हाई. हिशेबात त्याला घसारा म्हणतात. तेवढा पैसा आपल्या नफ्यातला न्हाई, तो या लेकराचा हाय." तो पैसा ते बँकेत वेगळा टाकत. मशीनचं खातं, असंच घरात सगळे म्हणायचे. मला काय अभिमान वाटायचा, सांगू! माझ्या नावानं बँकेत खातं होतं.

अप्पा गेले. त्यांचे चिरंजीव, धाकटे मालक भुजंगराव, गादीवर बसले. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू? पण त्यांना दिसेल तेवढंच खरं वाटायचं. मोठ्या कंपनीची ऑर्डर मिळाली, तशी अमावास्येची सुट्टी बंद झाली. मशीनच्या खात्यातला पैसा काचेच्या ऑफिसात गेला. कंपनीचे साहेब येतात, त्यांना बसायला थंडगार जागा नको?

गंमत म्हणजे घसारा मात्र त्यांना फार आवडायचा. कागदावर घसारा लिहिला की नफा कमी दिसतो आणि आयकर कमी भरावा लागतो. हिशेब लिहायला मंजुषा नावाची मुलगी होती, उदगीरच्याच कॉलेजात शिकलेली. ती एकदा म्हणाली, "सर, घसारा दाखवून आपण कर वाचवला. तो पैसा प्रेससाठी बाजूला ठेवायला पाहिजे होता. उद्या मशीन बसली तर काय करायचं?"

"मशीन चालून राहिली ना? मग चालत्या मशीनला कशाला पाना लावायचा?"

आता कारखान्याला वर्षातून एकच सुट्टी उरली, खंडेनवमीची. त्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा असते, आणि पूजेला बसलेल्या यंत्राला पाना लावत नाहीत. म्हणजे पाहा मित्रांनो, मी थांबायचो तो एकच दिवस, आणि त्याच दिवशी मला कुणी हात लावायचा नाही! आदल्या दिवशी पेंटर येऊन मला हिरवागार रंग द्यायचा. खरवडणं वगैरे काही नाही, जुन्या रंगावर नवा थर. सकाळी झेंडूच्या माळा, मंडप, पेढे. बँकेचे साहेब यायचे, कंपनीचे साहेब यायचे. "वा, मशीन कशी ठेवलीय!" असं म्हणत माझ्या पाठीवर थाप मारायचे. खरं सांगतो, पहिल्या वर्षी मला बरं वाटलं. कौतुक कुणाला नको असतं? पण पेंटरचा ब्रश माझ्या खांद्यावरून फिरला आणि ते बारीक भोक बुजलं. पुढच्या वर्षी त्यावर आणखी एक थर चढला. व्यंकटी कामाच्या घाईत वरून तेल सोडायचा, ते रंगावरूनच ओघळून जायचं.

पूजा झाल्यावर मंजुषा बिलं घेऊन आली. "सर, मंडप, पेढे, रंग... हे कुठल्या खर्चात टाकू?"

"यंत्र दुरुस्तीत टाक."

"पण सर, दुरुस्ती कुठं..."

"पूजेचा खर्च लिहिला की लातूरचा सीए शंभर प्रश्न विचारतो. दुरुस्तीला कोण विचारतं? टाक म्हटलं ना."

तिनं टाकलं. दरवर्षी टाकत गेली. हिशेबात माझी दुरुस्ती अगदी वेळच्या वेळी होत होती आणि इथं माझ्या खिट्टीला तेलाचा थेंब नव्हता.

मग एका हंगामात माझं चुकायला लागलं. व्यंकटी पायडल सोडायचा, मी थांबायला बघायचो, पण झिजलेली खिट्टी निसटायची आणि दट्ट्या पुन्हा एकदा खाली यायचा. व्यंकटी घाबरला. तो ऑफिसात गेला.

"मालक, प्रेस कधीकधी दुसऱ्यांदा येऊन राहिलाय. पाय काढला तरी. लई भ्या वाटतंय."

"हंगाम जाऊ दे, व्यंकटी. दसऱ्याला बघू."

दसरा आला. पेंटर आला. हिरवा रंग आला.

पुढचं सांगायला जीभ जड होते. मे महिना होता, पेरणीच्या आधीची घाई. पत्र्याचं छप्पर तापलं होतं. व्यंकटीनं चकती कापली, पाय काढला आणि ती उचलायला उजवा हात दट्ट्याखालच्या साच्यात घातला. सगळे असाच घालायचे, चिमटा कुणी कधी दिलाच नव्हता. मी थांबायचा जिवाच्या आकांतानं प्रयत्न केला. खिट्टी निसटली. ज्या हातानं मला इतकी वर्षं पुसलं, त्याच हातावर मी आलो. देवा, ती किंकाळी! माझं लोखंड वितळेल, पण ती किंकाळी वितळणार नाही.

भुजंगरावांनी स्वतःच्या गाडीत घालून त्याला लातूरला नेलं. वाटेत ते रडले म्हणे. पण चौकशीचे साहेब येणार म्हटल्यावर रडणं आटलं आणि भीती बसली. पेंटर पुन्हा आला. या वेळी त्यानं भिंतीवर पाटी रंगवली, 'साच्यात हात घालू नये, चिमटा वापरावा.' खिळ्याला एक नवा कोरा चिमटा टांगला गेला.

साहेबांनी विचारलं, "यंत्राची देखभाल होत होती का?"

भुजंगरावांनी हिशेबाचा कागद पुढं केला. दरवर्षी यंत्र दुरुस्ती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हिरवागार चमकत उभा होतो. मंजुषा दाराशी होती, तिनं मान खाली घातली. मी ओरडत होतो, अहो साहेब, खांद्यावर नख मारून बघा! पण आमचं ओरडणं मोठ्या माणसांना ऐकू येत नाही. साहेबांनी लिहिलं की कामगारानं सूचना मोडून साच्यात हात घातला. व्यंकटीची भरपाई तिथंच अडकली.

भुजंगरावांनी कर्ज काढून नवा प्रेस आणला. हिशेबाच्या पुस्तकात माझी किंमत झिजत झिजत जवळजवळ काहीच उरली नव्हती. मला क्रेननं उचललं आणि इथं आणून टाकलं. "हळू रे" असं कुणी म्हणालं नाही.

काल मात्र तिघं जण इथं आले. मंजुषा, व्यंकटी आणि त्याची बायको महानंदा. मंजुषानं नोकरी सोडली आहे. ती स्वतःहून महानंदाकडे गेली होती आणि तिनंच दोघांना इथं आणलं. महानंदा तिला म्हणत होती, "ताई, पैशाचं मागून बघू. पण ह्यांचं चुकलं असं कामून लिहिलं? ह्यो माणूस जेवताना, झोपताना तेच घोकून राहिलाय. 'माझाच हात चुकला का गं? माझाच पाय पायडलवर राहिला का?' एक दिवस येडा हुईल."

व्यंकटी माझ्याजवळ आला. उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला होता. डाव्या हातानं त्यानं जमिनीवरचा एक खिळा उचलला आणि माझ्या खांद्यावर खरवडायला लागला. भोक कुठं आहे, हे त्याला अप्पांनी दाखवलं होतं. हिरवा पापुद्रा निघाला. त्याखाली आणखी एक, मग आणखी एक. शेवटी भोक उघडं पडलं, आत सुकलेला रंग खडखडीत भरलेला.

व्यंकटी खाली बसला. "आरं लेकरा," तो मला म्हणाला, "तुला तेलच भेटत न्हवतं की रे!" मग बायकोकडे वळला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "महानंदा, माझा हात चुकला न्हवता गं. न्हवता चुकला."

मंजुषानं मोबाइलमध्ये फोटो काढले. "मामा, मी लेखी देते," ती व्यंकटीला म्हणाली. "ती दुरुस्ती नव्हती, रंग होता. मीच लिहिलंय ते. माझ्यावर काय यायचं ते येऊ दे." साहेब तिचं ऐकतील की नाही, मला ठाऊक नाही. भरपाई मिळेल की नाही, तेही कळायच्या आत मी भट्टीत असेन. व्यंकटीचा हात तर कशानंच परत येणार नाही.

जाताना व्यंकटीनं कोपऱ्यातल्या डब्यातलं जळकं ऑइल घेतलं. खिळ्यानं भोक मोकळं केलं आणि डाव्या हातानं त्यात तेल सोडलं.

"आता कशाला?" महानंदा म्हणाली.

"अमावास्या हाय आज," तो म्हणाला.

मित्रांनो, ते तेल माझ्या खिट्टीपर्यंत पोचलं. फार उशिरा पोचलं, पण पोचलं. तुमच्यातलं कुणी उद्या कारखान्याचं मालक होईल, कुणी यंत्र चालवील, कुणी हिशेब लिहील. मालक झालात तर यंत्राचा पैसा यंत्राला द्या. यंत्र चालवणारा भीती वाटते म्हणाला, तर त्याच दिवशी ते बंद करा. आणि हिशेब लिहायला बसलात, तर कुणीही कितीही दटावलं तरी रंगाला रंगच लिहा. जा आता, चेंडू घेऊन जा. ट्रक आला की इकडं येऊ नका, लोखंड उचलताना लई आवाज होतो.