पुलावरची चाळीस मिनिटं

सहदेव खरातांनी चौथ्यांदा टीपॉय सरळ केला आणि गॅलरीत जाऊन खाली डोकावले. चारचा चहा ठरला होता. सव्वाचार होऊन गेले तरी हर्कमान गुरुंगचा पत्ता नव्हता.

"बघ, म्हटलं होतं ना? नेपाळी पलटण. जिवावर उदार, पण घड्याळाशी उभं वैर!"

"अहो, मालाडहून दिंडोशीला यायचं म्हणजे ट्रॅफिक लागणारच," सुगंधाबाई भजी तळता तळता म्हणाल्या.

गुरुंगचा मुलगा मालाडच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होता, त्याच्याकडे तो आला होता. वीस वर्षांनी भेट होणार म्हणून सहदेवांना सकाळपासून उधाण आलं होतं. आणि तरीही, आलाच नाही तर बरं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

कारण प्रियंका. परवा लेकीची भोपाळला लष्करी अधिकारीपदाची मुलाखत होती, आणि नेतृत्वाबद्दल विचारलं तर ती बाबांचाच किस्सा सांगणार होती. आफ्रिकेत शांतिसेनेत असताना औषधांचा ट्रक पुरात अडकला, तेव्हा हवालदार खरातांनी वरच्या हुकमाची वाट न बघता भारतीय आणि नेपाळी जवानांची साखळी केली आणि शेवटचं खोकंसुद्धा कोरडं बाहेर काढलं. हे ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती. त्यात एवढीच गफलत होती की हुकमाची वाट न बघणारा हवालदार खरात नव्हता, गुरुंग होता.

बेल वाजली.

"लेट!" सहदेव दारातच ओरडले.

"तेरी घडी आज भी पाँच मिनट आगे है," म्हणत गुरुंगने नेपाळातल्या इलामच्या चहाचा पुडा त्यांच्या हातात कोंबला आणि त्यांना करकचून मिठी मारली.

भज्यांबरोबर दोघांना रंग चढला. भारतीयांना बूट काढायलाही वरून परवानगी लागायची, असं गुरुंग म्हणाला. आणि यांचा साहेब तोंड उघडेपर्यंत निम्मी पलटण डोंगरावर पोचलेली असायची, असं सहदेव म्हणाले. सुगंधाबाई हसून हसून बेजार झाल्या. मग प्रियंका वही घेऊन गुरुंगसमोर बसली.

"अंकल, वो ट्रकवाला किस्सा बताओ ना. बाबा ने ऑर्डर दी, तब आप कहाँ थे?"

गुरुंगने वहीकडे पाहिलं, मग सहदेवांकडे. सहदेव कपातल्या चहात काय पडलंय ते शोधत होते.

"पीछे, और कहाँ?" गुरुंग म्हणाला. "ऑर्डर तेरे बाप ने दी. हम तो बस उसके पीछे कूदे."

आणि त्याने भज्यांची बशी पुढे ओढली.

सुटलो, असं सहदेवांना वाटलं. प्रियंका भराभर लिहीत होती. ते पेन चालताना बघून मात्र त्यांना धड बसवेना.

"खोडून टाक ते," ते म्हणाले. "खोटं बोलतोय हा. माझ्यासाठी."

"म्हणजे?"

"वायरलेस कानाला लावून मी पुलावर उभा होतो. चाळीस मिनिटं. वरून उत्तरच येईना. शेवटी हा कोणालाही न विचारता पाण्यात उतरला. तो उतरला, तेव्हा कुठे मी माझी माणसं पाण्यात सोडली."

सुगंधाबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला. गुरुंगने डोकं खाजवलं.

"मेरे गाँव में जो किस्सा चलता है ना," तो ओशाळून म्हणाला, "उसमें तो इंडियन है ही नहीं."

सुगंधाबाईंना हसू फुटलं, सहदेवही हसले. प्रियंका हसली नाही. तिने लिहिलेल्यावर आडवी रेघ मारली आणि पान उलटलं. सहदेवांना तिच्या तोंडाकडे बघवेना. एवढ्या वर्षांची कमाई एका रेघेत गेली, असं त्यांना वाटलं.

"बाबा, ती चाळीस मिनिटं सांग ना," ती म्हणाली. "उत्तर येत नव्हतं, तेव्हा काय चाललं होतं तुझ्या डोक्यात?"

हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता. त्यांनी गुरुंगकडे पाहिलं. तो खुर्ची पुढे ओढून बसला होता.

"बोल ना यार. मैं तो पानी में था."

सहदेवांनी कप खाली ठेवला.

"अकरा जण होते माझ्याकडे," ते म्हणाले, आणि एकेकाचं नाव घ्यायला लागले.