चार नंबरची पट्टी

एकतीस वर्षं मी शिरूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. एवढ्या काळात माझ्या हातून एकही शोध लागला नाही आणि एकही स्फोट झाला नाही. निरोप समारंभात प्राचार्यांनी दुसऱ्या गोष्टीचा आवर्जून उल्लेख केला होता. त्यामुळे अंकिता दारात येऊन "सर, माझ्या प्रयोगाला विश्वासाचा माणूस हवाय," म्हणाली, तेव्हा मी मागे वळून पाहिलं. मागे पुस्तकांचं कपाट होतं, दुसरं कुणी नव्हतं.

अंकिता केंदूरची, माझी जुनी विद्यार्थिनी. आता पुण्यात पीएचडी करते. तिनं रबरासारखं एक प्लास्टिक तयार केलं आहे. ते कापून कडा पुन्हा एकमेकींना टेकवून ठेवल्या की आपोआप जुळतं. नेहमीच्या प्लास्टिकातल्या लांबलचक साखळ्या तुटल्या की तुटल्या. हिच्या प्लास्टिकात लहान लहान रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांचे हात धरून उभे असतात. पकड कच्ची, चटकन सुटते. पण समोर मोकळा हात मिळाला की पुन्हा धरते. हे बंध मी एकतीस वर्षं शिकवले, दोन मार्कांपुरते. त्यांचं पुढं काही करता येईल, असं माझ्या मनातही आलं नाही.

शेततळ्याच्या तळाशी अंथरतात तो प्लास्टिकचा कागद उंदीर आणि खेकडे फोडतात. तो असा आपोआप सांधला तर? त्यासाठी तिला शेतावरच्या उकाड्यात आणि धुळीत चाचणी हवी होती. त्या प्लास्टिकच्या सहा पट्ट्या कापून ठेवायच्या; सहाच्या सहा जुळल्या, तर तिच्या मार्गदर्शक बारवकर मॅडम प्रबंधावर सही करणार होत्या. नाहीतर सगळं सहा महिने पुढं ढकललं जाणार.

"घरचे आहेत की तुझ्या," मी म्हणालो.

"मागच्या वेळी आबांनी पट्टी दाभणानं शिवली, सर."

आबा म्हणजे तिचे वडील, हरिबा. लहानपण मेंढरांमागं गेलेलं. घोंगडी, पोतं, पायताण, जे फाटेल ते बसल्या जागी शिवायची सवय. शुक्रवारी सकाळी मी त्यांच्या तळ्याकाठच्या शेडमध्ये पोचलो, तेव्हा त्यांनी स्वतःच खुलासा केला. "फाटल्यालं तसंच पडू द्यायचं म्हंजी काय, गुरुजी? जीव ऱ्हात न्हाई."

अंकितानं ब्लेडनं सहा पट्ट्या कापल्या, कडा जुळवून फळीवर ठेवल्या. "चोवीस तास हात लावायचा नाही. तुम्ही संध्याकाळपर्यंत दर तासाला तापमान लिहा, मग शेडला कुलूप." एवढं सांगून ती पुण्याला मॅडमना आणायला गेली.

तिची आई गिताबाई चहा घेऊन आली. पट्ट्यांकडं बघून म्हणाली, "इरजण लावल्यागत हाय म्हना की. हलवलं की पानी."

"अगदी बरोबर," मी मास्तरी आवाजात म्हणालो. समजलं होतं ते तिला. मला फक्त आवाज काढता येत होता.

अकरा वाजता मी चष्मा पुसून चार नंबरची पट्टी पाहिली. कापल्याची रेघ दिसत होती. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून पाहणाऱ्या माणसाला हे सोसत नाही. मी अगदी हलकं ओढून पाहिलं. पट्टी सुटली. घाईनं जुळवून ठेवली. बाराला पुन्हा पाहिलं. एकला पुन्हा. आणि अडीचला.

हे करू नये, हे मला माहीत होतं. कडा उघड्या राहिल्या की मोकळे हात आपल्याच बाजूच्या शेजाऱ्याला धरून बसतात आणि पलीकडच्यासाठी कुणी शिल्लक उरत नाही. अंकिताच्या टिपणातलं हे वाक्य मी लाल पेन्सिलीनं अधोरेखित केलं होतं.

चार वाजता पट्टीचे दोन तुकडे माझ्या दोन हातांत होते आणि ते काही केल्या जुळेनात. शेडच्या कोनाड्यात हरिबांची पायताणाला लावायच्या गोंदाची ट्यूब होती. मी सदसद्विवेकबुद्धीशी झगडलो, असं लिहायला मला आवडलं असतं. मी झगडलो ते ट्यूबच्या टोपणाशी.

शनिवारी बारवकर मॅडम आल्या. मूळच्या खुटबावच्या, शेतकऱ्याच्याच घरातल्या, त्यामुळे चहाआधी तळं बघून आल्या. मग पट्टीचं एक टोक चिमट्यात आणि दुसरं स्प्रिंगच्या वजनकाट्याला लावून ओढणं सुरू झालं. अखंड पट्टी दहा किलोला तुटते; सांध्यानं सहा पेलले, तरी जुळली म्हणायची. पहिली सातला सांध्यातच सुटली. दुसरी साडेसहाला, तिसरी सातला. चौथी ताणत ताणत दहाला तुटली, आणि तीही सांध्यात नव्हे, भलतीकडंच.

"सांधा मूळ मालापेक्षा पक्का!" मॅडम म्हणाल्या. "अंकिता, प्रबंधात पहिला हाच आकडा घालायचा."

अंकिताचा चेहरा असा उजळला, की मला तळ्यात उडी मारावीशी वाटली. पण मला पोहता येत नाही. स्टाफ मीटिंगमध्ये एकतीस वर्षांत कधी वर न केलेला हात मी वर केला.

"बोला ना, सर."

"चार नंबर मी चिकटवलाय."

"कशानं?" हरिबांनी विचारलं.

"तुमच्या पायताणाच्या गोंदानं."

"आता गं बया!" हरिबा हसत सुटले. "म्या शिवली तवा टाकं दिसत तरी हुतं, गुरुजी!"

गिताबाईंनी पदर तोंडाला लावला. अंकिता मात्र हसली नाही.

"का, सर?"

"मला वाटलं, जुळणार नाही."

"आबांना वाटलं तर ठीक आहे. तुम्हाला वाटलं?"

मॅडमनी चार नंबरच्या आकड्यावर काट मारली. उरलेल्या दोन ओढल्या, त्याही जुळलेल्या निघाल्या. पाच झाल्या.

"पाचावर मी सही करणार नाही," मॅडम म्हणाल्या. "आत्ता नव्या सहा काप. मी आज खुटबावला आईकडं राहते, उद्या याच वेळी येते."

अंकितानं पुन्हा ब्लेड घेतलं. मी पिशवी उचलली.

"कुठं निघालात, सर?"

"घरी. म्हणजे तुला..."

"तापमान कोण लिहिणार?" तिनं तापमापक शेडच्या बाहेर, दाराच्या खिळ्याला अडकवला. दारात दोन खुर्च्या मांडल्या, एक माझी आणि एक हरिबांची. "दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवा."

"गुरुजी उठलं की म्या हाळी देतो," हरिबा म्हणाले. "आन् म्या उठलो की तुमी द्या."

संध्याकाळपर्यंत आम्ही तसेच बसून होतो. मी दोनदा उठलो. दोन्ही वेळा हाळी तळ्यापलीकडं ऐकू गेली, आणि दोन्ही वेळा मला फक्त लघवीला जायचं होतं.

रविवारी सहाच्या सहा पट्ट्या जुळलेल्या निघाल्या. चार नंबर सात किलोला तुटली, सांध्यातच. मॅडमनी सही केली आणि निरीक्षकाच्या सहीसाठी अंकितानं वही माझ्यापुढं सरकवली. दोन दिवसांच्या सवयीनं मी सही तापमानाच्या रकान्यात केली. अंकितानं एक बाण काढून ती योग्य जागी नेली.