मला पापणी मिळाली

मित्रांनो, मी गळ्यात घालायचा एक जुना कॅमेरा आहे, काडेपेटीएवढा. कोणी सांगो वा न सांगो, दर अर्ध्या मिनिटाला मी एक फोटो काढतो. वयस्क बायका दिवसभर काय खातात, किती चालतात, हे विद्यापीठाला पाहायचे होते. म्हणून दूर अरब मुलखातल्या स्फाक्स शहरात रीम नावाच्या संशोधक मुलीने मला सात दिवसांसाठी मब्रूका खालांच्या, म्हणजे मावशींच्या, गळ्यात घातले. परके कोणी आले की भिंग हाताने झाका, एवढे तिने बजावले होते.

खालांनी मला फार जीव लावला. रोज सकाळी त्या मला डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने पुसत. मात्र परके म्हणजे पुरुष, असे त्या धरूनच चालल्या होत्या. मासेवाला दारात आला की आपले डोके आणि माझे भिंग त्या एकदमच झाकायच्या. बायकाबायकांत कसला आलाय पडदा?

सातव्या दिवशी वर्षाचा कुसकुस वळायला शेजारणी अंगणात जमल्या. रव्यावर पाणी शिंपडत, दाणे वळत गप्पा रंगल्या. उकडू लागले तसे सगळ्यांनी डोक्यावरचे रुमाल सोडले. शेजारच्या नाजियानेही सोडला. औषधांनी तिचे केस पार गेले होते. आपले ते डोके तिने सख्ख्या मुलालाही दिसू दिले नव्हते. आणि मी टिपतच होतो.

दुसऱ्या दिवशी रीम मला न्यायला आली, तेव्हा नाजियाही आली.

"मब्रूके, माझं डोकं आहे का गं त्यात?"

"तुझं टक्कल बघायला कुणाला वेळ आहे?" खाला म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचा चेहरा उतरला. फोटो रीमचे साहेबही पाहणार होते. मला फार अपराधी वाटले.

घालणारीने आधी फोटो पाहून नको ते पुसावेत, असा नियम होता. रीमने कोणती कळ दाबायची ते दाखवले आणि आपली खुर्ची भिंतीकडे फिरवली. दोन तास ती भिंत बघत बसली. खाला आणि नाजिया, दोघींनी मिळून अंगणाचा अख्खा दिवस पुसून टाकला.

साहेब चिडले. एक दिवस गेला म्हणजे खालांचा सगळा आठवडाच बाद.

"तो दिवस आपला नव्हताच, सर," रीम म्हणाली. "त्या बायकांना मी विचारलंच नव्हतं."

पुढच्या आठवड्यात नाजियाने माझ्या भिंगावर पाडायला आपल्या रुमालाच्या तुकड्याची एक झापड शिवून पाठवली. डोळा दिलाय, पण पापणी द्यायला विसरले बिचाऱ्याला, असा निरोपही होता. आता मी रीमच्या टेबलाच्या खणात असतो. नवे विद्यार्थी आले की ती आधी माझी झापड त्यांच्या हातात देते.

मित्रांनो, मला गळ्यात घालणाऱ्याने होकार दिलेला असतो, माझ्यासमोर येणाऱ्याने नाही. त्याला आधी विचारा. विचारता आले नाही, तर माझी पापणी मिटा. मला ती स्वतःहून मिटता येत नाही.